चष्म्याच्या दुकानातली दोन कामं: नंबर काढणारा आणि चष्मा बनवणारा

ठाण्यात गोखले रोडवर किंवा वाशीत एखाद्या चष्म्याच्या दुकानात गेलात, तर नंबर काढणारा, फ्रेम दाखवणारा आणि सैल काडी घट्ट करून देणारा माणूस बरेचदा एकच असतो. त्यामुळे बारावीनंतर ‘चष्म्याच्या लाइनला जायचंय’ म्हणणाऱ्या मुलामुलींना ही दोन वेगळी कामं आहेत, हेच कुणी सांगत नाही.

नंबर काढतो तो ऑप्टोमेट्रिस्ट. कॉम्प्युटरवर येणारा नंबर ही त्याच्यासाठी फक्त सुरुवात. पुढे रेटिनोस्कोप या हातातल्या उपकरणाचा उजेड डोळ्यात टाकून तो पडताळायचा, मग भिंगं बदलत ‘हे बरं दिसतं की ते?’ विचारत राहायचं. मोतीबिंदू किंवा काचबिंदूची शंका आली तर नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचं. शस्त्रक्रिया त्याचं काम नव्हे. शिक्षण म्हणजे बारावी सायन्सनंतर बी. ऑप्टोम., चार वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. डॉक्टर-नर्स सोडून इतर आरोग्य व्यवसायांसाठीच्या 2021 च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात या व्यवसायाचा समावेश आहे.

चष्मा बनवतो तो ऑप्टिशियन, आणि मागच्या खोलीत काच घासून बसवतो तो फिटर. लहान दुकानात हेही दोघं एकच. हे काम बहुतेक जण उस्तादाच्या हाताखाली शिकतात; छोटे कोर्सही असतात.

‘नवा चष्मा सूट होत नाही’ ही तक्रार आली की खरा फरक कळतो. गिऱ्हाईक म्हणतं नंबर चुकला. पण लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, नंबर चिठ्ठीप्रमाणे बरोबर निघतो. मग? डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, 62 मिलिमीटर असताना काचांचे मध्यबिंदू 66 वर बसलेत. प्रत्येक डोळ्यामागे 2 मिलिमीटरचा फरक. सेंटिमीटरमधलं अंतर गुणिले नंबर, हा प्रेंटिसचा नियम लावला तर उणे 6 च्या काचेत प्रत्येक डोळ्याला 1.2 प्रिझम डायॉप्टर (प्रकाश बाजूला वळवण्याचं माप) विनाकारण मिळतो. डोकं दुखणार नाही तर काय! हीच चूक उणे 1 ला झाली तर बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. म्हणून जाड नंबरवाल्यांनी फिटर बघून दुकान निवडावं, फ्रेमवरची सूट बघून नव्हे.

सिलिंडरचा, म्हणजे एकाच दिशेने काम करणारा नंबर असला तर आणखी एक भानगड. त्याला अक्ष असतो, म्हणजे तो कोणत्या कोनात बसवायचा ते ठरलेलं असतं. गोल फ्रेमचा स्क्रू ढिला झाला की काच रिममध्ये हळूच फिरते. अक्ष 30 अंश सरकला, तर जेवढा सिलिंडर घातलाय तेवढाच दोष नव्याने उरतो. इथे पुन्हा डोळे तपासून उपयोग नाही. काच फिरवून जागेवर आणायची आणि स्क्रू आवळायचा. पाच मिनिटांचं काम, पण ते ओळखायला नजर लागते.

दुरुस्तीतही तसंच. अ‍ॅसिटेटची (एक प्रकारच्या प्लास्टिकची) फ्रेम गरम करून वाकवता येते, पण घाई केली की तुटते. रिमलेसला, म्हणजे काचेभोवती कडा नसलेल्या चष्म्याला, भोक पाडताना काच तडकली की खर्च दुकानाचा. अर्ध्या फ्रेमची नायलॉनची तार बदलणं त्यामानाने सोपं.

पैशाचं म्हणाल तर ऑप्टोमेट्रिस्टला दुकानाबाहेरही जागा आहेत: डोळ्यांची हॉस्पिटलं, कॉन्टॅक्ट लेन्स, लो व्हिजन (चष्म्यानेही नीट न दिसणाऱ्यांना मदत), शिकवणं. फिटरचं काम मात्र हळूहळू दुकानातून हलतंय. मोठ्या साखळी दुकानांत काच मध्यवर्ती लॅबमधून बसवूनच येते. तरी नाकावरून घसरणारा चष्मा लॅबला पाठवून चालत नाही, त्यामुळे चांगला हात असलेल्याला गल्लीत काम कमी पडेल असं मला वाटत नाही.

निवडताना एवढं बघा: बी. ऑप्टोम.मध्ये चष्मा बसवण्याचं शास्त्रही शिकवतात, त्यामुळे पुढे स्वतःचं दुकान काढता येतं. फिटरला उलट जायचं तर आधी बारावी सायन्स लागतं, आणि मग पुन्हा चार वर्षं.