रक्तात न जाणारे कण आणि आतड्यातले जिवाणू

च्युइंगमवरचा चकचकीत पांढरा थर, औषधाच्या गोळीचं दुधाळ आवरण, केकवरचं शुभ्र आयसिंग. या पांढरेपणामागे कित्येक दशकं बहुतेक वेळा एकच पदार्थ राहिला आहे, टायटॅनियम डायऑक्साइड. वेष्टनावर तो ई171 या क्रमांकाने येतो. त्याला चव नाही, वास नाही, पोषणमूल्य तर नाहीच. तो पाण्यात विरघळत नाही आणि जठरातल्या आम्लालाही दाद देत नाही. खाल्लेल्या कणांपैकी फार तर हजारावा हिस्सा रक्तात शिरतो, बाकीचे शौचावाटे निघून जातात. तो सुरक्षित मानला गेला त्यात या गोष्टीचा मोठा वाटा होता. अंगात जिरतच नाही, तर अपाय कसा करणार?

हा हिशेब फक्त माणसाच्या पेशींचा आहे आणि तिथेच तो अपुरा पडतो. जे शोषलं जात नाही ते सगळं मोठ्या आतड्यात येऊन पोचतं. तिथे सुमारे 38 लाख कोटी जिवाणूंची वस्ती आहे, म्हणजे आपल्या शरीरातल्या पेशींच्या संख्येच्या तोडीस तोड. आपल्याला न पचलेला तंतू खाऊन हे जिवाणू ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच ब्युटिरेटवर जगतात. रक्ताच्या वाट्याला कणांचा हजारावा हिस्सा येत असेल, तर या जिवाणूंच्या वाट्याला जवळपास सगळेच येतात.

आता कणांच्या आकाराकडे वळू. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे नॅनोमीटर. 1 ते 100 नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. आतड्यातला साधारण जिवाणू 1000 नॅनोमीटरच्या आसपास असतो. कण लहान झाला की पदार्थ तोच राहतो, पण त्याचा पृष्ठभाग अफाट वाढतो. एक मिलिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचं क्षेत्रफळ 6 चौरस मिलिमीटर भरतं. तोच घन 10 नॅनोमीटरच्या घनांमध्ये चिरला, तर एकूण पृष्ठभाग 0.6 चौरस मीटर होतो. वजन तेवढंच, पण पृष्ठभाग लाखपट. रासायनिक देवाणघेवाण पृष्ठभागावरच होते, त्यामुळे ‘किती मिलिग्रॅम खाल्लं’ एवढ्यावरून नॅनोकणांचा परिणाम जोखता येत नाही.

अर्थात ‘नॅनो’ म्हटलं की दचकायचं कारण नाही. दुधातलं केसीन हे प्रथिन शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या गोळ्यांच्या रूपातच असतं आणि ते सहज पचतं. स्निग्ध पदार्थांचे नॅनोथेंबही लहान आतड्यातच फुटतात. प्रश्न आहे तो न पचणाऱ्या कणांचा, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, पूड मोकळी राहावी म्हणून मिसळलेली सिलिका (ई551) आणि सजावटीची चांदी (ई174) यांचा.

यातली चांदी तर जिवाणूनाशक म्हणूनच प्रसिद्ध आहे. तिचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, जिवाणूंच्या गंधकयुक्त प्रथिनांना चिकटतात आणि ती निकामी करतात. मग चांदीचे नॅनोकण पोटात गेले की आतड्यातली वस्ती उद्ध्वस्त व्हायला हवी. उंदरांवरच्या काही प्रयोगांत जिवाणूंच्या मोठ्या गटांचं प्रमाण खरोखर बदललं, पण काहींत काहीच फरक दिसला नाही. याचं एक कारण वाटेतच सापडतं. जठरातल्या आम्लामुळे चांदीचं काही अंशी क्लोराइड होतं आणि पुढे आतड्यातल्या सल्फाइडशी गाठ पडली की सिल्व्हर सल्फाइड. हे संयुग जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे आयन सुटत नाहीत आणि मारकशक्ती घटते. प्रयोगशाळेतल्या बशीत जिवाणूंना भेटणारा कोरा कण आणि प्रथिनं, पित्तक्षार, श्लेष्मा अंगावर घेऊन मोठ्या आतड्यात उतरलेला कण यांत फार अंतर असतं.

टायटॅनियम डायऑक्साइडची कथा वेगळी आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये उंदरांना पिण्याच्या पाण्यातून ई171 देऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. आतड्यात कोणते जिवाणू किती आहेत याची मोजदाद केली, तर फारसा फरक नव्हता. एरवी एवढ्यावरच ‘परिणाम नाही’ असा शेरा बसला असता. पण त्यांनी पुढे पाहिलं. जिवाणू जी रसायनं बाहेर सोडतात त्यांचं प्रमाण बदललं होतं. जिवाणू एकमेकांना धरून जी चिकट बायोफिल्म बनवतात तिला चालना मिळाली होती. आतड्याच्या भिंतीवरच्या श्लेष्म्याचा मुख्य घटक असलेल्या म्युसिन-2 या प्रथिनाचं जनुक मंदावलं होतं आणि भिंतीत दाहाची लक्षणं होती. हा श्लेष्म्याचा थरच जिवाणूंना भिंतीपासून दूर ठेवतो. तो पातळ झाला, तर कालपर्यंत निरुपद्रवी असलेला जिवाणूही पेशींना जाऊन भिडतो आणि रोगप्रतिकारयंत्रणा त्याच्यावर तुटून पडते.

वस्तीत कोण राहतं हे डीएनएवरून आता सहज कळतं, पण ते रहिवासी काय करतात हे त्यातून कळत नाही. केवळ जिवाणूंच्या यादीवर थांबलेल्या अभ्यासांचा दिलासा म्हणूनच मला पुरेसा वाटत नाही.

याला दुसरी बाजूही आहे. मानवी आतड्यातल्या जिवाणूंचा समूह प्रयोगशाळेत वाढवून त्यात आहाराशी मिळत्याजुळत्या प्रमाणात ई171 मिसळलं, तेव्हा परिणाम किरकोळच दिसले. 2018 मध्ये जर्मनीतल्या माइन्त्स विद्यापीठाच्या गटाला दिसलं की सिलिकाचे नॅनोकण जिवाणूंच्या अंगावर जाऊन बसतात, विशेषतः आम्लधर्मी वातावरणात. असे कण चिकटलेला हेलिकोबॅक्टर पायलोरी, म्हणजे जठरात व्रण करणारा जिवाणू, पेशींना पूर्वीइतका बाधू शकला नाही. उपकारक जिवाणूंनाही कण असेच चिकटतात. त्यामुळे एकूण नफा की तोटा, हे कोणत्या जिवाणूला काय होतं यावर ठरणार.

नियामकांचंही एकमत नाही. फ्रान्सने 2020 च्या सुरुवातीपासून अन्नातल्या ई171 ला स्थगिती दिली. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मे 2021 मध्ये तो सुरक्षित मानता येत नाही असं जाहीर केलं. डीएनएला इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, हे त्यामागचं प्रमुख कारण होतं. 2022 मध्ये युरोपीय संघाने त्याच्यावर बंदी घातली, मात्र औषधांना त्यातून वगळलं. अमेरिकेत वजनाच्या 1 टक्क्यापर्यंत वापराची मुभा होती, आणि अन्नमिश्रकं तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने 2023 मध्ये पुन्हा पाहणी करून त्यावर मर्यादा घालायची गरज नाही, असं मत दिलं.

या वादात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मुलांची. गोड, रंगीत, आवरण चढवलेले पदार्थ तीच जास्त खातात आणि त्यांचं वजन कमी असतं. अमेरिकेतल्या 2012 च्या एका अंदाजानुसार दहा वर्षांखालच्या मुलांच्या पोटात दर किलो वजनामागे रोज 1 ते 2 मिलिग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड जात होतं, तर मोठ्यांच्या पोटात 0.2 ते 0.7 मिलिग्रॅम. आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती साधारण पहिल्या तीन वर्षांत आकार घेते. म्हणूनच उंदरांना काही आठवडे मोठा डोस देणाऱ्या प्रयोगांच्या जोडीला लहान वयापासून, रोजच्या जेवणात मिसळून, थोड्या प्रमाणात आणि दीर्घकाळ कण देऊन पाहणारे अभ्यास हवेत. त्यांत जिवाणूंच्या संख्येबरोबर ब्युटिरेट किती तयार होतं आणि श्लेष्म्याचा थर किती जाड राहतो, हेही मोजलं गेलं पाहिजे.