सरकारी खर्चाने परदेश अभ्यासदौरा : निवड कशी होते, कागद कोणते लागतात

जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा इतर सरकारी शाळेतल्या मुलांनाही सरकारी खर्चाने परदेशात अभ्यासदौऱ्यावर जाता येतं. ज्या पालकांच्या हे कानावर आलंय त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : फॉर्म कुठे मिळतो? तर पालकांनी थेट भरायचा असा फॉर्म सहसा नसतोच. नाव शाळेकडून किंवा शिक्षण विभागाकडून जातं आणि निवड टप्प्याटप्प्याने होते. पालकांच्या हातात दोनच गोष्टी असतात : शाळेकडून वेळेत नामांकन करून घेणं आणि मुलाचे कागद आधीपासून नीट करून ठेवणं. दुसऱ्या गोष्टीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आधी मार्ग कोणते ते पाहू. भरवशाचा मार्ग म्हणजे जपानचा ‘सकुरा सायन्स’ कार्यक्रम. जपान सायन्स अँड टेक्नॉलॉजी एजन्सी ही तिथली सरकारी संस्था तो २०१४ पासून चालवते आणि भारत त्यात २०१६ पासून आहे. दौरा साधारण आठवडाभराचा असतो. विद्यापीठं, प्रयोगशाळा पाहायला मिळतात, तिथल्या शास्त्रज्ञांशी बोलता येतं. विद्यार्थी याआधी जपानला गेलेला नसावा, अशी साधारण अट असते. आपल्याकडून मुलं पाठवण्याचं काम केंद्रीय शिक्षण मंत्रालय एनसीईआरटी या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेच्या मदतीने करतं. केंद्रीय विद्यालयं, नवोदय विद्यालयं आणि राज्यांच्या सरकारी शाळा यांतून निवड होते. ‘इन्स्पायर-मानक’ या मुलांच्या कल्पनांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून (तिच्याबद्दल पुढे) आलेली मुलंही याच कार्यक्रमातून जपानला गेली आहेत.

स्थानिक पातळीवरही हे होऊ शकतं. पुणे जिल्हा परिषदेने आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मदतीने आपल्या शाळांतल्या सहावी-सातवीच्या मुलांच्या परीक्षा आणि मुलाखती घेतल्या आणि २०२५ मध्ये २५ मुलांची नासाच्या, तर ५० मुलांची इस्रोच्या भेटीसाठी निवड केली. आपल्या जिल्हा परिषदेत असं काही आहे का, हे मुख्याध्यापकांना आणि केंद्रप्रमुखांना जरूर विचारा. नसेल तर मागणी करा. गावातल्या पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीतून ठराव करून पाठवला, तर तो वर जातो.

इन्स्पायर-मानक : नामांकन शाळेनेच करायचं

ही केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची योजना. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान तिची अंमलबजावणी करतं. पूर्वी ती सहावी ते दहावीपर्यंत होती, आता बारावीपर्यंतची मुलं त्यात येतात. खासगी शाळांनाही ती खुली आहे, पण सरकारी शाळेला वेगळी ओळख किंवा पैसा लागत नाही, हा तिचा मोठा गुण. शाळेने योजनेच्या पोर्टलवर एकदाच नोंदणी करायची आणि मग दरवर्षी मुलांच्या पाचपर्यंत कल्पना पाठवायच्या. नामांकन साधारणपणे जुलै ते सप्टेंबर या काळात होतं. शाळा उघडली की पहिल्या पालकसभेतच हा विषय काढावा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घाईने भरलेली नावं दिसायला भरलेली दिसतात, पण त्यांतली कल्पना बहुतेक वेळा कुठून तरी उचललेली असते.

निवड झाली की मॉडेल बनवण्यासाठी १०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतात. त्यानंतर जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर प्रदर्शनं होतात. ज्वालामुखी, पावसाचं पाणी साठवणं, बाजारातून आणलेलं तयार मॉडेल यांना इथे किंमत नाही. मुलाने स्वतः पाहिलेली अडचण हवी. निंदणी करताना आईला दिवसभर वाकून राहावं लागतं, हे पाहून एखाद्या मुलीने खुरप्याला लांब दांडा आणि चाक लावायचं चित्र काढलं, तर ती कल्पना पाठवण्याजोगी आहे. चित्र वेडंवाकडं असलं तरी चालेल.

नामांकनासाठी लागतं ते इतकंच : विद्यार्थ्याचं नाव, इयत्ता, जन्मतारीख, आधार, बँक खात्याचा तपशील आणि कल्पनेचं थोडक्यात वर्णन चित्रासह. बँक खातं चालू आहे ना, हे शाखेत जाऊन तपासा. बराच काळ व्यवहार नसलेलं शून्य शिलकीचं खातं ऐनवेळी बंद निघू शकतं.

पासपोर्ट : गाडी अडते ती इथे

निवड झाल्यावर पासपोर्ट काढू म्हणणाऱ्यांची फार धावपळ होते. एका मुलाचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ‘बाळासाहेब’, आधारवर ‘बाळू’ आणि जन्मदाखल्यावर नावाची जागाच रिकामी, असं सर्रास असतं. जन्मतारखेचंही तेच. शाळेत घालताना सोयीसाठी लिहिलेली १ जून आणि खरी तारीख जुळत नाही. म्हणून निवडीची वाट न पाहता सहावी-सातवीतच हे तीन कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

जन्मदाखल्यावर नाव नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत ते घालून घ्या. नियमानुसार जन्माची नोंद झाल्यापासून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येतं, त्यामुळे सातवी-आठवीतल्या मुलांसाठी अजून वेळ आहे. जन्माची नोंदच झाली नसेल आणि एक वर्षाहून जास्त काळ लोटला असेल, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तिथे वेळ जातो, म्हणून आधी हेच काम हाती घ्या. शाळेच्या नोंदीतली चूक मूल शाळेत असतानाच, शिक्षण विभागाच्या मंजुरीने दुरुस्त करून घ्या. दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर तीच चूक उतरली की ती निस्तरणं अवघड.

१८ वर्षांखालच्या मुलाच्या नेहमीच्या पासपोर्टचं शुल्क १,००० रुपये आहे. १५ वर्षांवरच्या मुलांना दहा वर्षांचा पासपोर्ट घेता येतो, त्याला १,५०० रुपये पडतात. अर्ज ऑनलाइन भरून वेळ घ्यायची. पासपोर्ट सेवा केंद्र लांब असेल तर काही टपाल कार्यालयांतही ही सोय आहे. सोबत जन्मतारखेचा पुरावा, आईवडिलांच्या पत्त्याचा पुरावा आणि दोघांच्या सह्यांचं ‘परिशिष्ट डी’ (पालकांचं संमतीचं घोषणापत्र) न्यायचं. आई किंवा वडील नाहीत, विभक्त आहेत किंवा एकाची संमती मिळत नाही, अशा वेळी ‘परिशिष्ट सी’ भरतात. एकटीने मुलं वाढवणाऱ्या आईला हे कुणी सांगत नाही आणि ती परत फिरते. शिक्षकांनी हे तिला आवर्जून सांगावं.

व्हिसाचं निमंत्रणपत्र आणि दौऱ्याचा कार्यक्रम आयोजकांकडून येतो. पालकांना संमतीपत्र द्यावं लागतं आणि मूळ पासपोर्ट जमा करावा लागतो. जमा करण्याआधी त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाच्या प्रती काढून ठेवा आणि जमा केल्याची पोच घ्या. निवडीसाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका, थेट गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवा.