वजडीचा वाटा: वजनकाट्याने काय बदललं

गावात बकरं पाडलं की मटण किलोवर विकायची पद्धत फार जुनी नाही. त्याआधी वाटे घातले जायचे. दहा-बारा घरं मिळून बोकड ठरवायची, पैसे सारखे काढायचे, आणि मुलाणी किंवा खाटीक पळसाच्या पानांवर तितकेच ढीग मांडायचा. प्रत्येक ढिगात मांडीचे तुकडे, फऱ्याचे तुकडे, एखादी चाप, नळी, काळजाचा कवडीएवढा तुकडा, फेफडं, वजडीची (बोकडाच्या पोट-आतड्यांची) पट्टी आणि चरबी. ‘मला वजडी नको, त्याऐवजी मांडीचं द्या’ म्हणायला जागाच नव्हती. मुंडी आणि पाय मात्र वाट्यात क्वचितच पडत. त्यांचा मान कोणाचा, हे गावागणिक आणि जत्रा-कंदुरीच्या रिवाजाप्रमाणे ठरलेलं असायचं.

२५ किलोच्या जिवंत बोकडातून हाडांसकट मटण निघतं ११-१२ किलो. मुंडी, पाय, काळीज, गुर्दे, फेफडं, साफ केलेली वजडी आणि रक्त धरलं तर आणखी पाचेक किलो. म्हणजे खाण्याजोग्या मालाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तराजू आला आणि गिऱ्हाईक बोट दाखवून तुकडा मागू लागलं, तेव्हा हा हिस्सा वेगळा पडला. घरातून वजडी गेली ती लोकांची जीभ बदलली म्हणून, असं सर्रास सांगितलं जातं. खरं तर विकायची रीत आधी बदलली, जीभ मागाहून बदलली.

वजडी टिकली नाही याला तिची साफसफाईही कारण आहे. बोकडाच्या पोटाचे चार कप्पे: टॉवेलासारखी लव असलेला मोठा, जाळीचा, पुस्तकासारखा पानापानांचा आणि चौथा गुळगुळीत. पहिल्या तिघांवर काळपट साल असते, ती काढावी लागते. पोट चिरून, आतला चोथा झटकून, भरपूर पाण्यात धुवायचं. मग गरम पाण्यात बुडवायचं. पाणी इतकं गरम हवं की हात टिकू नये, पण उकळी फुटलेली नसावी. ६५ ते ७० अंश पुरतं. इथेच बहुतेकांची चूक होते. पाणी उकळतं असलं की साल शिजून मांसाला चिकटते आणि मग सुरीने खरवडूनही निघत नाही. थंड असलं तर साल सुटतच नाही. एक-दोन मिनिटांनी कोपऱ्यावर नखाने खरवडून पाहायचं. साल सुटू लागली की लगेच बाहेर काढून सुरीच्या बोथट बाजूने ओरबाडायचं. काही जण पाण्यात चिमूटभर खायचा चुना टाकतात. त्याने साल लवकर सुटते, पण नंतर तीन-चार पाण्यांतून धुतलं नाही तर रश्शाला तुरट, साबणासारखी चव येते. पुस्तकाचा कप्पा पान न् पान उघडून धुवावा लागतो. आतडी काडीवर उलटी करून जाड मीठ आणि ज्वारीच्या पिठाने चोळतात. पीठ बुळबुळीतपणा ओढून घेतं.

एवढं झाल्यावर हळद-मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळून ते पाणी फेकून द्यायचं. उग्र वास तिथे जातो. हे पाणी ‘सत्त्व जाईल’ म्हणून ठेवलं की पुढे कितीही मसाला घाला, वास मसाल्याच्या वर येतो. मग आलं-लसूण, कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि कुकरच्या सहा ते आठ शिट्ट्या, बोकड जून असेल तर दहा. एकूण दीड-दोन तासांचं काम आणि निम्मं मोरीत. गावच्या परसात ते सहज व्हायचं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सिंकमध्ये वजडी धुणं म्हणजे शेजारच्या दाराची कडी वाजणार हे ठरलेलंच.

पायांचं तसंच. पाय कमी आचेवर तीन-चार तास शिजायला हवेत. कुकरने ते काम पाऊण तासावर आणलं. पण जाळावर केस भाजून खरवडणं कुकरला जमत नाही, आणि गॅसच्या शेगडीवर ते करायची इच्छा कोणाला होत नाही. भाजून-सोलून मिळणारे पाय दुकानात विकले जाऊ लागले म्हणून निदान पायाचं सूप वाचलं. काळीज मात्र कुठेच गेलं नाही, कारण त्याला साफसफाई नाही. पित्ताची पिशवी न फोडता काढली, की झालं. ती फुटली तर हिरवा डाग पडलेला भाग कापून टाकावा. धुऊन कडवटपणा जात नाही. काळीज मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटांत होतं, त्यापुढे ते रवाळ आणि चिवट होत जातं. लोह भरपूर, पण अ जीवनसत्त्वही इतकं की गरोदरपणात, विशेषतः पहिल्या महिन्यांत, डॉक्टर ते जपून खायला सांगतात. ‘रक्त वाढतं’ म्हणून त्याच काळात आग्रहाने काळीज खाऊ घालणारी घरं अजून आहेत.

या सगळ्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती वाट्यांच्या गोड आठवणींत बसत नाही. गावातलं मेलेलं ढोर ओढून नेण्याचं काम महारांवर लादलेलं होतं, आणि त्याचं मांस हेच कित्येक घरांचं अन्न होतं. एका बैलाचं मांस एका दिवसात संपत नाही, म्हणून मराठवाड्यात चान्या घातल्या जात. मांसाच्या धाग्याच्या दिशेने बोटाएवढ्या रुंद, पातळ, लांब पट्ट्या कापायच्या आणि दोरीवर कडक उन्हात वाळवायच्या. चार किलो ओल्या मांसाच्या जेमतेम किलोभर चान्या होतात. पट्टी जाड राहिली किंवा आभाळ आलं तर वरून कडक आणि आतून ओल राहते, मग वास येतो, किडे पडतात. नीट वाळलेली चानी निखाऱ्यावर भाजून किंवा डाळीत शिजवून महिनोन्‌महिने पुरवली जाई. चरबी कढवून उरलेल्या कुरकुरीत कण्याही वाया जात नसत.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचं मांस सोडा, शिळं-उष्टं घेऊ नका, असं आवाहन केलं. तो चवीचा प्रश्न नव्हता. त्या मांसाला वतनाची आणि अस्पृश्यतेची साखळी बांधलेली होती. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक घरांनी हे पदार्थ जाणीवपूर्वक मागे टाकले. पुढच्या पिढ्यांपैकी काही जण आज त्याच पदार्थांची नोंद ठेवत आहेत. सोडणं आणि नोंदवणं, दोन्ही एकाच स्वाभिमानातून आलेलं आहे; त्यात विसंगती शोधणाऱ्यांनी आधी साखळी पाहावी.

कायद्यानेही ताटातला पदार्थ बदलला. राज्यात गाईची कत्तल १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्याने बंद होती. मार्च २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेलं गोमांस बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हशीवर्गीय जनावरं यातून बाहेर राहिली. मुंबईच्या तव्यांवरची खिरी म्हणजे गाई-म्हशीची कास. ती आता म्हशीचीच. गुर्दा, कपुरा (बोकडाचे वृषण), भेजा आहेत तसेच. बोहरी मोहल्ल्याकडची बारा हंडी, म्हणजे रात्रभर मंद आचेवर शिजणारे नळी-पायाचे हंडे, हीही या बदलातून तगली.

मात्र सगळ्यात मोठा फेरबदल कोंबडीने केला. १९७० नंतर हॅचरी आणि ब्रॉयलरचा धंदा वाढला, आणि पुण्याचा परिसर त्याचं एक मोठं केंद्र झाला. गावठी कोंबडीला किलो-सव्वा किलो व्हायला पाच-सहा महिने लागतात. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. मटण महाग झालं तसं रविवारच्या ताटात चिकन बसलं, आणि कोंबडीच्या पोटात आहे काय, तर काळीज आणि पोटा. तेही बरेचदा दुकानदार वेगळे काढून स्वस्तात विकतो. (पोटा घेतलाच तर आतली पिवळी साल सोलून घ्यावी, ती राहिली की दाताखाली कचकच लागते.) फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आला तेव्हा चिकनचा खप कोसळला, लोक मटणाकडे वळले. पण ते वळले मांडी आणि चापेकडे, वजडीकडे नाही. आता पाकिटातल्या, हाडं काढलेल्या तुकड्यांवर वाढलेल्या मुलांना ताटातली नळी चोखायची की बाजूला ठेवायची हेही सांगावं लागतं.

घरातून निघालेली वजडी हॉटेलात जाऊन बसली. कोल्हापुरात रक्ती-मुंडी खास जाऊन खातात. रक्तीसाठी बोकडाचं रक्त स्वच्छ भांड्यात थोड्या मिठावर धरतात, थिजल्यावर गरम पाण्यात घट्ट करून वड्या कापतात आणि कांदा, लसूण, मिरचीत परततात. रक्त त्याच दिवशीचं हवं, दुपारपर्यंत ठेवलेलं चालत नाही. गोव्यात ख्रिस्ती घरांनी सोरपोतेलच्या रूपाने डुकराचं काळीज आणि हृदय सणाच्या ताटात राखलं. व्हिनेगरमुळे ते दोन-तीन दिवसांनी जास्त मुरतं, म्हणून नाताळच्या आधीच करून ठेवतात.

वजडी घरी करायची असेल तर खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवावं आणि सकाळी लवकर जावं. उशिरा गेलात तर वजडी खानावळवाल्यांनी उचललेली असते. घेताना वास घेऊन पाहा. चोथ्याचा, गवतासारखा वास चालतो, आंबूस वास नाही. दुकानात पांढरीशुभ्र केलेली वजडी मिळाली तर घरी पुन्हा कोमट पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून तीन-चार पाण्यांतून धुवावी. चुना राहिला तर रस्सा तुरट लागतो.