पशुवैद्यक व पशुविज्ञान पदवी : सोलापूर जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि प्रवेशाची प्रक्रिया

जनावरांशी संबंधित विषयात पदवी घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने अर्ज भरण्याच्या कितीतरी आधी, शक्यतो अकरावीचे विषय निवडतानाच, एका प्रश्नाचे उत्तर ठरवायला हवे. त्याला आजारी जनावरावर उपचार करण्याचा कायदेशीर अधिकार हवा आहे, की पशुपालन, दूधप्रक्रिया, मत्स्यव्यवसाय, संशोधन किंवा वन्यजीव यांपैकी एखाद्या क्षेत्रात काम करायचे आहे? भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार केवळ नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. पदविकाधारकाला नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व निर्देशानुसार मर्यादित स्वरूपाच्या किरकोळ सेवा देता येतात. स्वतंत्र दवाखाना चालवता येत नाही. प्राणिशास्त्राच्या पदवीने तर उपचाराचा कोणताच अधिकार मिळत नाही. ‘सगळे प्राण्यांचेच शिक्षण आहे’ अशा समजुतीने तीन वर्षांची पदवी घेऊन नंतर दवाखान्याची स्वप्ने पाहणाऱ्या मुलांची निराशा टाळता येण्यासारखी असते, म्हणून हा मुद्दा सर्वांत आधी मांडला आहे.

नोंदणीस पात्र ठरवणारी पदवी म्हणजे पशुवैद्यकशास्त्र व पशुसंवर्धन, अर्थात बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. तिचा कालावधी साडेपाच वर्षांचा असून त्यात साडेचार वर्षांचे अध्यापन आणि एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप) येते. सुरुवातीला शरीररचना, शरीरक्रिया व पशुधन व्यवस्थापन, पुढे विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, परोपजीवीशास्त्र, पशुआहार व अनुवंशशास्त्र, आणि शेवटच्या टप्प्यात औषधोपचार, शल्यचिकित्सा व प्रसूतिशास्त्र असा अभ्यासाचा क्रम साधारणपणे असतो. महाराष्ट्रात हे शिक्षण २००० साली स्थापन झालेल्या, नागपूर येथील महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येते. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे त्याची जुनी पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. १८८६ साली सुरू झालेले मुंबईचे महाविद्यालय त्यांत सर्वांत जुने आहे. सोलापूरच्या विद्यार्थ्याला शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय आणि उदगीरचे महाविद्यालय ही तुलनेने जवळची ठिकाणे असली, तरी वसतिगृहात राहण्याची तयारी ठेवावीच लागते.

पात्रता

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असणे बंधनकारक आहे. या विषयांत मिळून खुल्या प्रवर्गासाठी किमान ५० टक्के, तर राखीव प्रवर्गांसाठी ४७.५ टक्के गुण लागतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावीत. याखेरीज नीट ही राष्ट्रीय प्रवेश परीक्षा त्याच वर्षी दिलेली असणे आवश्यक आहे. पशुवैद्यकासाठी वेगळी परीक्षा होत नाही. वैद्यकीय प्रवेशासाठी घेतली जाणारी ७२० गुणांची परीक्षा हीच ती परीक्षा, आणि ती मराठीतूनही देता येते. प्रश्नपत्रिकेचे माध्यम अर्ज भरतानाच निवडावे लागते.

येथे द्विलक्षी (बायफोकल), म्हणजे नेहमीच्या विषयांसोबत एक व्यावसायिक विषय घेण्याच्या अभ्यासक्रमाबद्दल एक सूचना. काही कनिष्ठ महाविद्यालयांत कृषी गटातील पशुविज्ञान व दुग्धव्यवसाय हा दोनशे गुणांचा विषय घेता येतो. विषय चांगला आहे. परंतु तो घेताना जीवशास्त्र सोडले, तर पशुवैद्यक पदवीचा मार्ग बंद होतो. नावात ‘पशू’ असलेला विषय जीवशास्त्राची जागा घेऊ शकत नाही, हे पालकांनी प्रवेशाच्या दिवशीच महाविद्यालयात विचारून पक्के करावे.

दोन स्वतंत्र अर्ज

नीटचा निकाल लागला की विद्यार्थी बहुधा वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्यांकडे डोळे लावून बसतात आणि पशुवैद्यकाचा अर्ज आपोआप होईल असे गृहीत धरतात. तसे होत नाही. राज्यातील जागांसाठी महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वेगळा ऑनलाइन अर्ज करावा लागतो. त्यासाठी विद्यापीठ दरवर्षी माहितीपुस्तिका प्रसिद्ध करते आणि गुणवत्ता यादी नीटच्या गुणांवरून लावली जाते. दुसरा अर्ज अखिल भारतीय कोट्याचा. देशभरातील मान्यताप्राप्त पशुवैद्यक महाविद्यालयांतील १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या समुपदेशनातून भरल्या जातात आणि त्यासाठी परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतंत्र नोंदणी, शुल्कभरणा व महाविद्यालयांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूरच्या विद्यार्थ्याने हा दुसरा अर्ज टाळू नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण कर्नाटकातील बिदरचे पशुवैद्यक महाविद्यालय त्याच्या घरापासून नागपूर किंवा मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे आणि तेथे जाण्याचा सरळ मार्ग याच कोट्यातून जातो.

कागदपत्रे

अर्जासाठी दहावीची गुणपत्रिका व प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, नीटचे प्रवेशपत्र व गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, छायाचित्र व स्वाक्षरी, वय-राष्ट्रीयत्व-अधिवास प्रमाणपत्र, आणि शिक्षणात खंड असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र लागते. अपंगत्व, माजी सैनिक अशा विशेष आरक्षणाचा लाभ घ्यायचा असल्यास त्याचे प्रमाणपत्र त्या वर्षीच्या पुस्तिकेतील नमुन्यातच असावे. दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव, आधारवरील नाव आणि नीटच्या अर्जातील नाव यांत अक्षराचाही फरक राहू देऊ नये. आधारवरील दुरुस्ती नीटचा अर्ज भरण्यापूर्वी करून घ्यावी.

अधिवास प्रमाणपत्र तहसील कार्यालयाकडून, आपले सरकार सेवा केंद्रामार्फत मिळते. सीमेलगतच्या गावांतील काही मुले कर्नाटकातील इंडी किंवा विजयपूरकडे शिकायला जातात. राज्याच्या कोट्यासाठी दहावी-बारावी कोठून उत्तीर्ण व्हावी याच्या अटी असतात, म्हणून अशा विद्यार्थ्यांनी शाळा बदलण्यापूर्वीच माहितीपुस्तिकेतील ते कलम नीट वाचावे.

सर्वाधिक वेळ लागतो तो जात वैधता प्रमाणपत्राला. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत कार्यालयाकडून मिळतो. परंतु राखीव जागेवरील प्रवेशासाठी त्या दाखल्याची पडताळणी सोलापूर येथील जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून करून घ्यावी लागते. अनुसूचित जमातींसाठी ही समिती वेगळी असते. अर्ज ऑनलाइन भरून, बारावी विज्ञानात शिकत असल्याचे महाविद्यालयाचे शिफारसपत्र जोडून, मूळ पुराव्यांसह सादर करायचा असतो. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, वडील, आजोबा, चुलते यांचे शाळेचे दाखले व जनरल रजिस्टरचे उतारे, महसुली नोंदी आणि वडिलांकडील रक्तनात्यातील कोणाला वैधता मिळाली असल्यास त्या प्रमाणपत्राची प्रत हे पुरावे महत्त्वाचे ठरतात. कुटुंबाचे वास्तव्य व जात विशिष्ट तारखेपूर्वीच्या पुराव्याने दाखवायची असते. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे.

ही अट सांगोला, मंगळवेढा, माळशिरस भागातील मेंढपाळ कुटुंबांना विशेष जड जाते. आजोबा वर्षातील कित्येक महिने कळप घेऊन गावोगाव फिरत असत. शाळेत कोणी गेलेच नसेल तर १९६१ पूर्वीचा दाखला कोठून आणायचा, हा त्यांचा प्रश्न अगदी खरा आहे. अशा वेळी गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतील उतारे, म्हणजे ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते, जमिनीचे जुने फेरफार आणि भावकीतील एखाद्या शिकलेल्या व्यक्तीचा शालेय उतारा यांचा शोध घ्यावा. अक्कलकोट आणि मंगळवेढा हे भाग पूर्वी संस्थानांत असल्याने जुनी दप्तरे सगळीकडे सारख्या स्वरूपात सापडतीलच असे नाही, आणि मोडीत लिहिलेली नोंद मिळाल्यास तिचे जाणकाराकडून प्रमाणित देवनागरी लिप्यंतर करून घ्यावे लागते. हा शोध सुट्टीच्या एका आठवड्यात संपत नाही. म्हणूनच अकरावीचा प्रवेश झाला की याच कामाला हात घालावा. नीटचा अभ्यास आणि तालुक्याच्या कार्यालयातील खेपा एकाच एप्रिलमध्ये आल्या, तर दोन्हींचे नुकसान होते. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे सांभाळलेल्या घरातील मूल केवळ एका कागदापायी या शिक्षणाबाहेर राहावे, याइतकी खेदाची गोष्ट नाही.

विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग, इतर मागासवर्ग तसेच सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग यांना नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्रही लागते आणि त्याची वैधता ३१ मार्चला संपते, त्यामुळे हातातील प्रमाणपत्रावरील तारीख तपासावी. अनुसूचित जाती व जमातींना ते लागत नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राचा राज्याचा नमुना वेगळा आणि केंद्राचा वेगळा असतो. अखिल भारतीय कोट्यात राज्याचे भटक्या जमातींसारखे प्रवर्ग लागू नसतात, हेही ध्यानात ठेवावे.

शुल्क व शिष्यवृत्ती यांचे अर्ज प्रवेशानंतर महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचे असतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि अनुसूचित जातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती या त्यांतील प्रमुख योजना होत. ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी देण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. या माफीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तयार ठेवावा.

इतर पदव्या

गणित घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी दुग्धतंत्रज्ञानाची चार वर्षांची बी.टेक. पदवी वरुड-पुसद आणि उदगीर येथे आहे. तिचा प्रवेश राज्याच्या सीईटीवर अवलंबून असतो. मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी नागपूर व उदगीर येथे घेता येते, आणि उजनीसारखा विस्तीर्ण जलाशय ज्या जिल्ह्यात आहे तेथील मुलांनी तिच्याकडे अधिक गांभीर्याने पाहावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठांतर्गत कृषी पदवी घेऊन पुढे पशुसंवर्धन व दुग्धशास्त्रात एम.एस्सी. करता येते. घर सोडणे शक्य नसेल, तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत प्राणिशास्त्राची बी.एस्सी. आहे, तिच्यानंतर पदव्युत्तर शिक्षण, अध्यापनासाठी सेट-नेट या पात्रता परीक्षा किंवा देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील एम.एस्सी. असे मार्ग आहेत.

पदवीनंतर

पशुवैद्यक पदवी मिळाल्यावर राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी करावी लागते. ती झाल्यावरच व्यवसाय करता येतो. शासकीय सेवेत पशुधन विकास अधिकारी, गट-अ हे पद लोकसेवा आयोगामार्फत भरले जाते. या अधिकाऱ्याचे काम केवळ तपासणीचे नसते: लाळ्या-खुरकूत, घटसर्प यांचे लसीकरण, कृत्रिम रेतन, रोगप्रादुर्भावाची नोंद आणि नियंत्रण ही सर्व जबाबदारी त्याच्यावर येते. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाची साथ पसरली तेव्हा गोठ्यागोठ्यात जाणारा पशुवैद्यक किती मोलाचा असतो, हे पशुपालकांनी अनुभवले.

याच जिल्ह्यात काम करू इच्छिणाऱ्याला विषय शोधत जावे लागत नाही. पंढरपुरी म्हैस, खिलार बैल, दख्खनी मेंढी आणि उस्मानाबादी शेळी या जाती येथील कोरड्या हवेत व अपुऱ्या चाऱ्यावर तग धरून आहेत. त्यांची शुद्ध पैदास, दूधनोंदी आणि वंशनिवड हे पशुअनुवंशशास्त्राचे काम आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र सांगोला तालुक्यातील महूद येथे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी बैलगाडा शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा वैध ठरवल्यापासून शर्यतीच्या खिलार बैलांच्या तपासणीचे कामही पशुवैद्यकांकडे वाढत्या प्रमाणात येऊ लागले आहे.

जिल्ह्याबाहेर पाहायचे तर पुण्यातील औंध येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था, उरुळीकांचनची बाएफ ही पशुविकासात काम करणारी संस्था, दूध संघ, पशुखाद्य व कुक्कुटपालन कंपन्या, पुण्या-मुंबईतील पाळीव प्राण्यांचे दवाखाने आणि लष्कराची रिमाउंट व्हेटरिनरी कोअर ही क्षेत्रे आहेत. राष्ट्रीयीकृत बँकांच्या कृषी क्षेत्र अधिकारी पदासाठी पशुवैद्यक, दुग्ध व मत्स्यविज्ञानाचे पदवीधर पात्र ठरतात, आणि भारतीय वन सेवेच्या परीक्षेसाठी पशुवैद्यक किंवा प्राणिशास्त्राची पदवी चालते. संशोधनासाठी इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आणि कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरो या प्रमुख संस्था आहेत. त्यांपैकी पहिलीची सुरुवात १८८९ मध्ये पुण्यात झाली होती. तेथपर्यंत पोहोचायचे असेल तर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिची तयारी आंतरवासितेच्या वर्षातच सुरू करणे सोयीचे ठरते.