जेड नदीतले उभे खडक

पृथ्वीच्या वयाचा विषय निघाला की बहुतेकांना ग्रँड कॅन्यन आठवतं. मला जेडबरा आठवतं. स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळचं हे लहानसं गाव, आणि तिथली जेड वॉटर ही तेवढीच लहान नदी. ती टेव्हियटला मिळते, टेव्हियट पुढे ट्वीडला. पृथ्वी फार जुनी आहे याचा भूवैज्ञानिक जेम्स हटन यांना हवा असलेला पुरावा १७८७ साली याच नदीत सापडला.

हटन शिक्षणाने डॉक्टर, पण त्यांनी बरीच वर्षं बर्विकशायरमध्ये शेती केली. पावसात माती वाहून जाताना ते बघत होते. जमीन अशी झिजतच राहिली तर कधीतरी संपायला हवी. ज्याअर्थी ती शिल्लक आहे, त्याअर्थी कुठेतरी नवी घडत असणार. हा विचार त्यांनी १७८५ मध्ये एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. जगाची निर्मिती इसवी सनपूर्व ४००४ मधली, असं मानण्याचा तो काळ.

जेडबऱ्याजवळ इंचबॉनी इथे नदीचा काठ लाल वालुकाश्माच्या आडव्या थरांचा आहे. खाली मात्र थर उभे होते. हटन चकित झाले. कपाटात पुस्तकं उभी लावावीत, त्यांची वरची टोकं कापून सपाट करावीत आणि त्यावर वह्यांची चळत आडवी ठेवावी, तसं ते दृश्य आहे.

आता यातली गंमत बघा. उभे थर ग्रेवॅक नावाच्या करड्या खडकाचे. गाळ पाण्यात उभा साचत नाही. बरणीत ओढ्याचा गाळ आणि पाणी घालून हलवा: जाड वाळू आधी तळाला बसते, बारीक चिखल शेवटी. ग्रेवॅकच्या थरांत अशीच प्रतवारी सापडते, त्यामुळे थर उभा झाला तरी त्याची मूळची खालची बाजू ओळखता येते. म्हणजे हे थर आयापेटस या आता नाहीशा झालेल्या महासागराच्या तळाशी आडवेच साचले, सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी. पुढे लॉरेन्शिया आणि अ‍ॅव्हलोनिया हे भूखंड जवळ येऊन तो महासागर मिटला, तळाचा गाळ खडक होऊन चेपला, दुमडला, उभा राहिला, डोंगर झाला. मग पाऊस आणि नद्यांनी तो डोंगर झिजवून सपाट केला. त्यावर सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी लोहामुळे लाल झालेली वाळू पसरली. या लाल थराच्या बुडाशी ग्रेवॅकचेच तुकडे अडकलेले आहेत. वरचा थर साचायच्या आधी खालचा खडक घट्ट होऊन फुटत होता, हे ते तुकडे सांगतात.

दोन थरांमधल्या या सांध्याला भूविज्ञानात अनकन्फॉर्मिटी म्हणतात. बोटभर जाडीच्या त्या रेषेत सहा कोटी वर्षं गेली आहेत.

खडक सरळ रेषेत दिसले की ‘लुप्त संस्कृतीची भिंत’ म्हणून फोटो फिरवणारे आजही आहेत. मला त्याचा मनापासून राग येतो, कारण खडकाची खरी हकिगत त्याहून कितीतरी मोठी असते आणि ती तपासूनही बघता येते.

या नदीकाठाला तपासून बघणाऱ्यांचा वारसा आहे. इंचबॉनीलाच जेम्स व्हिच हे नांगर बनवणारे कारागीर राहत. ते दुर्बिणीही घडवत. त्यांच्याकडे शिकलेले डेव्हिड ब्रूस्टर जेडबऱ्याचेच, कॅलिडोस्कोपचे जनक. गणित आणि खगोलशास्त्रात नाव मिळवलेल्या मेरी सॉमरव्हिल यांचा जन्मही १७८० साली इथलाच. गावातला ११३८ मध्ये स्थापन झालेला मठ पर्यटक बघतात. बघावाच, पण नदीकडेही जावं.

हटन यांचे मित्र जॉन क्लार्क यांनी इंचबॉनीचं चित्र काढलं. त्यात वर झाडं आणि कुंपण आहे, एक घोडागाडी चालली आहे, एक घोडेस्वार आहे. त्यांच्या पायाखाली मातीचा पातळ थर, मग आडवे खडक, आणि सगळ्यांत खाली ते उभे.