अमेरिकेतील बंदूकनियंत्रणाचा वाद

खासगी नागरिकाने बंदूक बाळगणे हा त्याचा घटनादत्त हक्क मानावा, की सार्वजनिक सुरक्षिततेसाठी सरकारने आटोक्यात ठेवण्याची बाब मानावी, याविषयी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला राजकीय आणि कायदेशीर वाद. परवाना, नोंदणी, खरेदीपूर्व चौकशी आणि काही शस्त्रांवर सरसकट बंदी अशा मागण्या एका बाजूच्या आहेत, तर दुसरी बाजू अशा प्रत्येक अटीकडे हक्कावरील अतिक्रमण म्हणून पाहते. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या जिनिव्हातील संशोधन प्रकल्पाच्या २०१७ सालच्या अंदाजानुसार अमेरिकन नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या, म्हणजे दर १०० रहिवाशांमागे १२० हून अधिक. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना मागणाऱ्याला गरज पटवून द्यावी लागते, अमेरिकेत मात्र नकार देणाऱ्या सरकारला कारण दाखवावे लागते. ही उलटी मांडणी ध्यानात घेतली नाही, तर भारतीय वाचकाला या वादातील निम्म्या गोष्टी अनाकलनीय वाटतात.

वादाच्या मुळाशी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती आहे. १७९१ मध्ये संमत झालेल्या या एका वाक्याचा आशय असा, की स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुनियमित मिलिशिया आवश्यक असल्यामुळे शस्त्रे ठेवण्याच्या व धारण करण्याच्या लोकांच्या हक्कास बाधा आणली जाणार नाही. मिलिशिया म्हणजे गावातील धडधाकट पुरुषांनी घरची बंदूक घेऊन उभे राहायचे लोकसैन्य. १९ एप्रिल १७७५ रोजी मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कर्ड येथील दारूगोळा जप्त करायला निघालेल्या ब्रिटिश पलटणीशी असेच लोक भिडले होते आणि स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटले होते. त्यामुळे कायमस्वरूपी खड्या सैन्याविषयीचा अविश्वास त्या पिढीच्या अंगात भिनलेला होता. वाक्याच्या पूर्वार्धात मिलिशिया आणि उत्तरार्धात ‘लोक’ आल्यामुळे हक्क लोकसैन्याचा की प्रत्येक व्यक्तीचा, हा प्रश्न दोन शतके लोंबकळत राहिला. शिवाय ‘लोक’ या शब्दात सगळेच धरले जात नव्हते. दक्षिणेत मिलिशियाचे एक काम गुलामांवर गस्त घालण्याचे होते, आणि ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात (१८५७) सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी कृष्णवर्णीयांना नागरिक न मानण्याचे एक कारण असे दिले, की तसे मानल्यास त्यांना वाटेल तेथे शस्त्र घेऊन जाण्याचा हक्क मिळेल. यादवी युद्धानंतरही (१८६१–६५) दक्षिणेतील राज्यांनी मुक्त झालेल्या गुलामांना निःशस्त्र ठेवणारे कायदे केलेच. नियंत्रणाच्या बाजूने आज जे बोलतात त्यांना हा इतिहास फारसा आठवायला आवडत नाही.

दुसरीकडे, बंदुकीवर निर्बंध ही अलीकडची टूम आहे हा समजही खरा नाही. ज्या पश्चिमेकडील सरहद्दीला चित्रपटांनी मोकाट गोळीबाराचा मुलूख ठरवले, तेथील डॉज सिटी, टूमस्टोन यांसारख्या गावांत हद्दीत शिरताना शस्त्र जमा करण्याचे किंवा ते न बाळगण्याचे नियम होते. टूमस्टोनची १८८१ मधील प्रसिद्ध चकमक अशाच एका नियमाच्या अंमलबजावणीतून उद्‌भवली. १८७१ मध्ये स्थापन झालेली ‘नॅशनल रायफल असोसिएशन’ (एनआरए) ही संघटनाही सुरुवातीला नेमबाजी सुधारण्यासाठी होती, कारण यादवी युद्धात उत्तरेच्या शिपायांचा नेम फारच कच्चा असल्याचे तिच्या संस्थापक अधिकाऱ्यांनी पाहिले होते.

देशव्यापी कायद्याची वेळ आली ती दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धांमुळे. १९३४ च्या ‘नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट’ने मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर यांच्या हस्तांतरणावर २०० डॉलर कर आणि नोंदणी लादली. त्या काळी टॉमी गन या हलक्या मशीनगनची किंमतच साधारण तेवढी होती, म्हणजे कर हा बंदीचाच सभ्य पर्याय होता. मूळ मसुद्यात पिस्तुलेही होती, पण विरोध झाल्यावर ती वगळली गेली. गुन्ह्यांत सर्वाधिक वापरले जाणारे शस्त्र अशा रीतीने कायद्याबाहेर राहिले. पुढच्या जवळजवळ प्रत्येक कायद्यात हेच झालेले दिसते : कायदा संमत होतो, पण विरोधकांनी घातलेली एक अट पोटात घेऊनच, आणि पुष्कळदा कायद्यापेक्षा ती अटच दीर्घायुषी ठरते.

राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येत (१९६३) वापरलेली रायफल ली हार्वी ऑस्वाल्डने खोट्या नावाने टपालाने मागवली होती. एनआरएच्याच मासिकातील जाहिरातीत दुर्बिणीसह तिची किंमत १९.९५ डॉलर होती. तरीही टपालविक्री बंद व्हायला मार्टिन ल्यूथर किंग आणि केनेडींचे बंधू रॉबर्ट यांच्या हत्या व्हाव्या लागल्या. १९६८ च्या ‘गन कंट्रोल ॲक्ट’ने ती रोखली आणि गुन्हेगारांना विक्री करण्यास मनाई केली. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना हवी असलेली देशव्यापी नोंदणी आणि परवाना पद्धत मात्र काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, गाळली. त्याच्या आदल्याच वर्षी कॅलिफोर्नियात एक वेगळे नाट्य घडले होते. पोलिसांवर पाळत ठेवण्यासाठी भरलेल्या बंदुका उघडपणे घेऊन फिरणारे ‘ब्लॅक पँथर’ या कृष्णवर्णीयांच्या पक्षाचे कार्यकर्ते २ मे १९६७ रोजी सॅक्रामेंटोच्या विधानभवनात सशस्त्र शिरले. भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यास मनाई करणाऱ्या ज्या विधेयकाच्या निषेधार्थ ते आले होते ते नंतर संमत झाले आणि त्यावर सही केली गव्हर्नर रॉनल्ड रेगन यांनी, ज्यांना पुढे शस्त्रहक्कवाद्यांनी आपले मानले. बंदूक कोणाच्या हातात आहे यावर भूमिका ठरण्याचे इतके ठळक उदाहरण दुसरे नाही.

एनआरएचे आजचे रूप १९७७ च्या सिनसिनाटी येथील वार्षिक सभेतून घडले. शिकार आणि निसर्गसंवर्धनाकडे वळू पाहणाऱ्या पदाधिकाऱ्यांविरुद्ध नारिंगी टोप्या घातलेल्या सभासदांनी रात्रभर नियमांवर बोट ठेवत ठराव मांडले, आणि पहाटे सभा संपली तेव्हा सूत्रे हार्लन कार्टर यांच्या तडजोड न मानणाऱ्या गटाकडे आलेली होती. या गटाचे मोठे यश म्हणजे १९८६ चा कायदा. त्याने बंदूकमालकांची केंद्रीय नोंदवही तयार करण्यास सरकारला मनाई केली, मात्र अखेरच्या क्षणी जोडलेल्या एका दुरुस्तीमुळे नव्याने बनलेल्या मशीनगनही नागरिकांना बंद झाल्या.

नोंदवहीवरील मनाईचा अर्थ वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथे डोळ्यांना दिसतो. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढणारे केंद्र सरकारचे कार्यालय येथे आहे. दुकानातून बंदूक घेताना ग्राहक ‘४४७३’ क्रमांकाचा फॉर्म भरतो. तुम्ही शिक्षा झालेले गुन्हेगार आहात काय, अमली पदार्थ घेता काय, कौटुंबिक हिंसाचारात दोषी ठरला आहात काय, असे प्रश्न त्यात असतात. हा फॉर्म सरकारकडे न जाता दुकानदाराच्या कपाटात राहतो. खरेदीपूर्व चौकशीत ग्राहक पात्र ठरल्याची संगणकीय नोंद तर २४ तासांत पुसून टाकावी लागते. दुकान बंद पडले की खोकी भरून कागद मार्टिन्सबर्गला येतात. कर्मचारी एकेका पानाची प्रतिमा काढतात, पण त्या प्रतिमांत नावाने शोध घेण्याची सोय ठेवायला कायद्याने बंदी आहे. पोलिसांनी बंदुकीचा क्रमांक कळवला, की कारखान्याला फोन, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग दुकानदाराला. आणि दुकान बंद झालेले असेल तर पाने उलटत बसायचे. कार्यक्षमतेचा हा अभाव गलथानपणातून आलेला नसून जाणीवपूर्वक कायद्यात लिहिलेला आहे. सरकारजवळ यादी असली की उद्या जप्ती येईल, ही भीती त्यामागे आहे.

मार्च १९८१ मध्ये, राष्ट्राध्यक्ष झालेल्या रेगन यांच्यावर झालेल्या हल्ल्यात त्यांचे माध्यमसचिव जेम्स ब्रेडी कायमचे अपंग झाले. त्यांच्या नावाचा कायदा व्हायला १९९३ साल उजाडले. विक्रेत्याने ग्राहकाची पूर्वचौकशी करणे त्याने बंधनकारक केले, परंतु परवानाधारक नसलेल्या खासगी विक्रेत्याला यातून वगळले आणि कामकाजाच्या तीन दिवसांत उत्तर न आल्यास विक्री करण्याची मुभा ठेवली. या मुदतीच्या फटीतून मिळालेल्या पिस्तुलाने २०१५ मध्ये चार्ल्‌स्टन येथील चर्चमध्ये ९ जणांची हत्या झाली. १९९४ मध्ये लष्करी धाटणीच्या काही अर्धस्वयंचलित बंदुकांवर आणि दहापेक्षा जास्त काडतुसांच्या मॅगझिनवर बंदी आली, पण तिचे आयुष्य आधीच दहा वर्षे ठरवलेले होते. संगीन अडकवण्याचा खुंट, घडीचा दस्ता अशा बाह्य खुणांवरून शस्त्र ओळखणाऱ्या या कायद्याला कारखानदारांनी तो खुंट काढून उत्तर दिले. २००४ मध्ये बंदीची मुदत संपली आणि २००५ मध्ये बंदुकीच्या गुन्हेगारी वापराबद्दल कारखानदारांवर भरपाईचे दावे लावण्याचा मार्गही बहुतांशी बंद झाला.

न्यायालयांतील पारडे २००८ पर्यंत नियंत्रणाकडे झुकलेले होते. निवृत्त सरन्यायाधीश वॉरन बर्गर, जे स्वतः रूढीवादी होते, १९९१ मध्ये वैयक्तिक हक्काच्या सिद्धांताला जनतेची मोठी फसवणूक म्हणाले होते. पण ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया वि. हेलर’ या खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा हक्क व्यक्तीचा असल्याचे ठरवले. फिर्यादी डिक हेलर सुरक्षारक्षक होते. नोकरीवर त्यांच्या कमरेला पिस्तूल असे, पण राजधानीतील घरी ते ठेवायला मनाई होती. निकाल लिहिणारे न्या. अँटोनिन स्कालिया यांनी हा हक्क अमर्याद नाही हेही नमूद केले. २०२२ च्या ब्रूएन निकालाने पुढचे पाऊल टाकले : कोणत्याही निर्बंधाला देशाच्या ऐतिहासिक परंपरेत आधार दाखवावा लागेल. परिणामी आज वकील आणि न्यायाधीश अठराव्या शतकातील दारूगोळा-साठवणीचे नियम धुंडाळताना दिसतात, ही या वादातील एक विलक्षण गंमत आहे. या कसोटीची धार २०२४ च्या रहिमी निकालाने थोडी बोथट केली. घरच्या माणसांना धोका असल्याचा न्यायालयीन आदेश ज्याच्यावर आहे त्याची बंदूक काढून घेता येते, असे आठ न्यायाधीशांनी मानले. एकटे विरोधात राहिले ते ब्रूएन निकाल लिहिणारे न्या. क्लॅरेन्स थॉमस.

राजकीय चर्चा पेटते ती शाळांतील हत्याकांडांवर. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले. मृतांत मूळचे भारतीय असलेले एक प्राध्यापक आणि मुंबईची एक विद्यार्थिनी होती. मारेकऱ्याला न्यायालयाने स्वतःसाठी धोकादायक ठरवले होते, पण ती नोंद चौकशी यंत्रणेपर्यंत पोचलीच नव्हती. ही उणीव दूर करणाऱ्या कायद्याला एनआरएनेही विरोध केला नाही. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक प्राथमिक शाळेत २० मुले आणि ६ कर्मचारी मारले गेल्यावर खासगी विक्रीपर्यंत चौकशी वाढवणारे विधेयक सिनेट या वरिष्ठ सभागृहात ५४ विरुद्ध ४६ मते मिळवूनही पडले, कारण चर्चा थांबवण्यासाठी ६० मते लागतात. सुमारे पावणेसहा लाख वस्तीच्या वायोमिंगला आणि जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियाला सिनेटमध्ये सारख्याच दोन जागा असल्याने ग्रामीण राज्यांचा शब्द तेथे जड ठरतो. टेक्ससमधील युव्हाल्डी येथे मे २०२२ मध्ये १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या आणि शेकडो पोलीस तासाहून अधिक वेळ बाहेर थांबून राहिले, तेव्हा कोठे २१ वर्षांखालील ग्राहकांची कसून चौकशी करणारा एक मर्यादित कायदा दोन्ही पक्षांच्या मतांनी संमत झाला.

तथापि मृत्यूंचे आकडे वेगळे चित्र दाखवतात. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० लोक मेले. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या आणि २०,९५८ हत्या. हत्यांतही बहुतेक वेळा वापरलेले असते ते पिस्तूल. म्हणजे ज्या रायफलींवरून सभागृहे दणाणतात त्यांचा वाटा थोडा आहे, आणि सर्वांत मोठा वाटा स्वतःच्या घरात, स्वतःच्या बंदुकीने, एकट्याने मरणाऱ्यांचा आहे, ज्यांच्याविषयी दोन्ही बाजू कमी बोलतात. याचे एक कारण संशोधनाची कोंडी हेही आहे. १९९६ मध्ये आलेल्या एका तरतुदीमुळे दोन दशकांहून अधिक काळ आरोग्य खात्याच्या रोगनियंत्रण केंद्राला या विषयावर जवळजवळ पैसाच मिळाला नाही. ही तरतूद आणणारे काँग्रेस सदस्य जे डिकी यांनी पुढे त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

शस्त्रहक्कवाद्यांचा युक्तिवाद दोन पायांवर उभा आहे : दूरच्या वाडी-वस्तीवर पोलीस पोचायला वेळ लागतो तेव्हा स्वसंरक्षण स्वतःच करावे लागते, आणि निःशस्त्र प्रजेपुढे सरकार उन्मत्त होते. दुसऱ्या मुद्द्यासाठी महात्मा गांधींचा दाखला आवर्जून दिला जातो. इंग्रजांच्या राजवटीतील कृत्यांमध्ये संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा सर्वांत काळा ठरेल, असे गांधीजींनी लिहिले होते हे खरे. पण ते वाक्य १९१८ मधील सैन्यभरतीच्या पत्रकातले आहे, आणि अवतरण देताना हा संदर्भ सोयीस्करपणे गळतो. नियंत्रणवाद्यांचा आवडता दाखला ऑस्ट्रेलियाचा : १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर तेथील सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. तोही दाखला ३९ कोटींच्या देशाला कसा लावायचा, याचे उत्तर कोणी देत नाही.

केंद्रातील कोंडीमुळे खरा बदल राज्यांत झाला आहे, आणि तो दोन विरुद्ध दिशांना. धोकादायक वाटणाऱ्या व्यक्तीची बंदूक न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेणारे कायदे वीसहून अधिक राज्यांनी केले आहेत, तर निम्म्याहून अधिक राज्यांत लपवलेले पिस्तूल बाळगण्यासाठी आता परवानाच लागत नाही. एनआरए स्वतः आर्थिक गैरव्यवहाराच्या खटल्याने खिळखिळी झाली आणि तिचे अनेक दशकांचे सूत्रधार वेन लापिएर यांनी जानेवारी २०२४ मध्ये राजीनामा दिला, तरी शस्त्रहक्कासाठी मत देणारा मतदारांचा वर्ग जागेवर आहे.

१९३४ चा २०० डॉलरचा कर ९० वर्षे महागाईप्रमाणे एका डॉलरनेही वाढला नव्हता. जुलै २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रंप यांनी सही केलेल्या वित्तीय कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुकांवरील हा कर शून्य केला. नोंदणी मात्र कायम राहिली. ज्या कराच्या वसुलीसाठी नोंदणी होती तो करच उरला नसताना नोंदणी कोणत्या अधिकाराने, असे विचारत शस्त्रहक्कवादी संघटनांनी न्यायालयात धाव घेतली आहे.