रिडेव्हलपमेंट, जनरेटर आणि बंब

कोथरूडच्या एका सोसायटीच्या रिडेव्हलपमेंट मीटिंगचा सारांश मला फॉरवर्ड होऊन आला, त्यात एक ओळ होती की कॉमन गॅस जनरेटर बसणार, वीज तर मिळेलच, वर सगळ्यांना गरम पाणी फुकट. आता फुकट वगैरे काही नसतं, गॅसचं बिल येणारच, पण कल्पना मात्र अजिबात वेडगळ नाहीये.

इंजिनात जळणाऱ्या गॅसच्या उष्णतेतला साधारण एक तृतीयांश भागच विजेत जातो, बाकीचा बराचसा रेडिएटर आणि धुराड्यातून हवेत. तोच पकडून पाण्याला दिला तर 80 टक्क्यांच्या वर ऊर्जा कामाला येते. आपले साखर कारखाने हेच करतात की, बगॅस म्हणजे उसाची चिपाडं जाळून केलेल्या वाफेवर आधी टर्बाइन फिरवायचं आणि मग त्याच वाफेवर रस आटवायचा, त्यालाच सहवीजनिर्मिती म्हणतात.

गोची होते ती इंजिन किती मोठं घ्यायचं इथे. सगळे विजेच्या लोडवरून सुरुवात करतात, लिफ्ट, पंप, एसी वगैरे. सुरुवात करायची आंघोळीच्या पाण्यापासून. समजा 100 फ्लॅट, प्रत्येकी चार माणसं, माणशी 40 लिटर पाणी 20 अंशांवरून 45 वर न्यायचंय. 16,000 लिटर गुणिले 25, म्हणजे 4 लाख किलोकॅलरी. 860 किलोकॅलरीचं एक युनिट, म्हणजे रोज साधारण 465 युनिट उष्णता. बास, एवढीच गरज. डेन्मार्कमध्ये घरंही अशाच पाइपातल्या पाण्याने ऊबदार ठेवतात, पुण्यात जानेवारीतसुद्धा स्वेटरवर भागतं. त्यामुळे 30 किलोवॅट वीज आणि 46 किलोवॅट उष्णता देणारं छोटं इंजिन दहा तास चाललं की झालं. ताशी साधारण 9 घनमीटर गॅस. याच्यापेक्षा मोठं घेतलं तर जास्तीची उष्णता पंखा लावून उडवायची, मग तो नुसताच महागडा जनरेटर.

पण आंघोळी सकाळी सहा ते आठ आणि वीज हवी संध्याकाळी, हे जमणार कसं? टाकीने. आणि या टाकीवर माझा भारी जीव आहे.

जुना तांब्याचा बंब आठवतोय? वरच्या नरसाळ्यात गार पाणी ओतायचं, ते आतल्या नळीने थेट तळाशी जायचं आणि तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर यायचं. गार-गरम एकत्र होत नसे, कारण 20 अंशांचं एक घनमीटर पाणी 998 किलो भरतं आणि 70 अंशांचं 978. वीस किलोचा फरक, म्हणून गरम पाणी वर तरंगत राहतं आणि मध्ये फक्त एक पातळ थर असतो जिथे तापमान झपकन बदलतं. इंजिनाची टाकीही तशीच, उंच आणि अरुंद. इंजिन तळातलं गार पाणी ओढतं, तापवून वर सोडतं, आणि तो थर दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत हळूहळू खाली सरकत जातो. सकाळी नळ सुटले की उलटा प्रवास. 70 अंशांवर साठवलं तर निम्मं गार पाणी नळाशी मिसळता येतं, म्हणून 16,000 च्या जागी 8,000 लिटर पुरतात, थरासाठी थोडी जास्त जागा धरा.

हे सगळं बिघडवायला एक चुकीचा पाइप पुरतो. गार पाणी जोरात आत घुसलं की टाकी ढवळली जाते आणि सगळं पाणी चाळीस-पंचेचाळीस अंशांवर येतं. ऊर्जा तेवढीच आहे हं, एक कॅलरी कमी झालेली नाही, पण वरच्या मजल्यावर नळाला पोचेपर्यंत ते कोमट, आणि इंजिनाकडे परत जाणारं पाणी गार राहत नाही म्हणून इंजिनाची उष्णताही नीट सुटत नाही. एन्ट्रॉपी वाढली म्हणतात ती हीच. उपाय साधा, आत भोकांचा रुंद पाइप टाकून पाणी सावकाश सोडायचं.

मीटिंगमध्ये कोणीतरी इंजिन आग्नेयेलाच हवं म्हणेल, अग्नीची दिशा म्हणून. गॅसची लाइन, धुराडं आणि आवाज ज्या कोपऱ्यात सोयीचे पडतात तिथे ते जाईल, बाकी उष्णतेला दिशा फक्त एकच कळते, गरमाकडून गाराकडे.

आता खरं सांगायचं तर नुसत्या फ्लॅटसाठी पुण्यात मी आधी हीट पंपाचं कोटेशन मागवेन. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, म्हणून एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते, म्हणजे 465 साठी 155 युनिट वीज, आणि धूर नाही. गच्चीवरचे सोलर बंब चांगलेच, पण तीन मजल्यांचे बारा झाले तरी गच्ची तेवढीच राहते. प्लॉटला लागून हॉस्पिटल किंवा हॉटेल असेल, तिथली लॉन्ड्री दिवसभर गरम पाणी खात असेल, तर मात्र दोघांनी मिळून इंजिन घेण्यात अर्थ आहे, कारण मग ते दहाऐवजी अठरा-वीस तास चालेल.

यंत्र कुठलंही ठरो, टाकीची उंची आणि डक्टमधला इन्सुलेशन केलेला रिटर्न पाइप, म्हणजे पाइपात थांबलेलं पाणी टाकीकडे परत नेणारा, प्लॅन मंजुरीला जायच्या आधीच ड्रॉइंगवर दाखवून घ्या. रिटर्न नसेल तर बाराव्या मजल्यावरचा माणूस रोज सकाळी बादलीभर गार पाणी सोडून मगच आंघोळीला बसेल.